सहा सीटचं लाकडी विमान

विमान घ्यायचं निघालं तेव्हा माझ्या टेबलावर हातमोज्यांची तीन कोटेशनं पडली होती. आमच्या फाउंड्रीत तीन कोटेशनांशिवाय काही येत नाही, मग ती भट्टी असो की केरसुणी. खरेदी खात्यात बावीस वर्षं काढल्यावर माणसाला कशाचं आश्चर्य वाटेनासं होतं. म्हणून मालकांचा मुलगा वृषभदादा दारातूनच "काका, विमानाची तीन काढा," म्हणाला तेव्हा मी "कधीपर्यंत?" एवढंच विचारलं आणि हातमोजे बाजूला सरकवले.

"गणपतीपर्यंत. आणि खेळण्यातलं न्हाय हां. बसायचं."

निमित्त होतं बेंगळूरच्या पलीकडच्या होसूरहून आलेल्या पत्राचं. तिथली एक कंपनी ट्रॅक्टर बनवते. त्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कवचं आम्ही शिरोलीत ओततो, आणि आमच्या निम्म्या कामगारांची चूल त्या कवचांवर पेटते. पत्र फार सभ्य होतं. गेल्या वर्षभरात मालाबद्दल तक्रार केल्यापासून तुमचा निर्णय येईपर्यंत सरासरी अकरा दिवस लागले, पुढच्या वर्षी आम्हाला एवढा वेळ थांबता येणार नाही, एवढंच त्यात होतं. सभ्य पत्रांची मला भीती वाटते. शिव्या घालणारं गिऱ्हाईक परत येतं.

मालकांनी, म्हणजे बापूसो मगदुमांनी, ते पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पुसला. वृषभदादानं एकदाच वाचलं आणि त्याला उत्तर सापडलं. शिरोली ते होसूर सहाशे किलोमीटरच्या वर. अंतर मोजता येतं, नकाशावर दिसतं, आणि त्यात कुणाची चूक नसते. त्यामुळे घरात भांडण न होता ज्याच्यावर खापर फोडता येईल असं ते एकमेव कारण होतं. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ कारखान्यापासून अर्ध्या तासावर. आता फक्त विमानच तेवढं नव्हतं.

बापूसो चौऱ्याहत्तरचे. उसाच्या रानातून उठून शिरोलीला पत्र्याच्या शेडमध्ये पहिली भट्टी पेटवली तेव्हा स्वतः लोखंड ओतायची कढई धरायचे. त्यांना दोन मुलं. धाकटा वृषभ पुण्यात एमबीए झाला. थोरली आदिती धातुशास्त्राची इंजिनिअर. तिचे यजमान कोल्हापुरात दातांचे डॉक्टर आहेत, आणि ती रोज सकाळी साडेआठला त्यांच्या आधी घरातून बाहेर पडून कारखान्यात येते. होसूरहून तक्रार आली की जाते तीच. जाते, कवचं कापून बघते, दोष आमचा की त्यांचा हे तिला तिथल्या तिथं कळतं, आणि मग ती बाहेर व्हरांड्यात येऊन फोन लावते. फोनवर बापूसो सगळं ऐकून घेतात आणि "बघू" म्हणतात.

बापूसोंचं "बघू" म्हणजे नकार नव्हे. नकार मिळाला तर माणूस मोकळा तरी होतो.

आदितीताईंनी गेल्या दिवाळीत वडिलांकडे एकच गोष्ट मागितली होती. पगार नाही, केबिन नाही. गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून हो किंवा नाही म्हणायचा अधिकार, तोही लेखी. बापूसो "बघू" म्हणाले. गुढीपाडव्याला तिनं परत विचारलं, परत तेच. आषाढात ती माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, "आप्पा, गणपती हुईपर्यंत थांबते. मग मी यायची न्हाई. घरात बसते, न्हाईतर दुसरीकडं जाते. रागानं सांगंना झालोय, नुसतं सांगालोय." आमच्याकडे बायका भरात आल्या की पुरुषासारखं बोलतात, त्याचा रागाशी संबंध नसतो. पण बापूसोंनी चष्मा काढून पुसला.

तर गणपतीच्या आत घरात दोन गोष्टी ठरायच्या होत्या. त्यातली एक विमान होती, म्हणून सगळे तिच्यामागे लागले.

विमानाची कोटेशनं मागवणं हातमोज्यांपेक्षा सोपं निघालं. हातमोजेवाला चार फोन केल्याशिवाय येत नाही. विमानवाले एका ईमेलवर धावून येतात. पण कुठलं घ्यायचं ते आम्हाला कळेना. एका पंख्याचं की दोन पंख्यांचं की जेट, नवं की वापरलेलं. तेव्हा दादानं पुण्याहून कॅप्टन अमरसिंहांना बोलावलं. ते हवाई दलातून निवृत्त झाल्यावर लोकांना विमान निवडून द्यायचं काम करतात. सरळ पाठीचा, कमी बोलणारा माणूस. आल्या आल्या त्यांनी विमानाचा विषयच काढला नाही.

"गेल्या वर्षभरात कोण, कुठं, किती वेळा गेलं, तेवढं मला द्या," ते म्हणाले. "विमान घेताना लोकांच्या डोळ्यासमोर वर्षातला सगळ्यात मोठा प्रवास असतो. सगळं घर, सगळं सामान, काश्मीर. तो प्रवास वर्षातून एकदा होतो. विमान निवडायचं ते उरलेल्या दिवसांसाठी."

मी गेटवरचं रजिस्टर आणि तिकिटांची फाइल घेऊन दोन दिवस बसलो. वर्षात त्रेसष्ट प्रवास झाले होते. वृषभदादाचे सहा, त्यातली तीन प्रदर्शनं. मालकांचे तीन, त्यातली दोन गिऱ्हाइकांच्या मुलांची लग्नं. उरलेले चोपन्न आदितीताईंचे. एकटीचे. सोबत एक बॅग, आणि कधी कधी त्या बॅगेत तपासायला परत आणलेलं अकरा किलोचं कवच.

कॅप्टननी कागद बघितला. "म्हणजे एक प्रवासी आणि अकरा किलो लोखंड. याला एका पंख्याचं लहान विमान भरपूर झालं. खरं सांगायचं तर एवढ्या तासांसाठी विकत घेऊच नका, लागेल तेव्हा भाड्यानं घ्या."

"भाड्याचं?" दादा म्हणाला. "साहेब, कोल्हापुरात राहतोय आम्ही. भाड्याच्या विमानातनं उतरलेलं बघितलं तर लोक इचारतील, काय, बरं चाललंय न्हवं?"

कॅप्टननी कागद उलटून बघितला. त्यांच्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता.

रकान्यावरून सांगायला हवं. मी त्या कागदावर न मागितलेला एक तक्ता जोडला होता. पत्रातले अकरा दिवस कुठं गेले, याचा. तक्रार आल्यापासून ताई होसूरला पोचेपर्यंत दीड दिवस. कवचं कापून बघायला अर्धा. हे दोन झाले. उरलेले नऊ दिवस कुठं गेले हे मला माहीत होतं, पण त्या रकान्याला काय नाव द्यावं ते सुचेना. शेवटी मी "इतर" असं लिहिलं.

दादानं तो कागद बघितला, पुढं सरकवला. मालकांनी बघितला, पुढं सरकवला. "इतर" या शब्दावर नजर थांबत नाही, बावीस वर्षांत मी हेच शिकलो आहे. संध्याकाळी आदितीताई तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"काका, इतर म्हंजे काय हो?"

"तुम्हाला माहीत आहे, ताई."

"मला म्हायती हाय. तुम्हालाबी म्हायती हाय. मग लिवलं का न्हाई?"

मी म्हटलं, रकाना लहान होता. त्यांनी रकान्याकडं बघितलं. चांगला चार बोटं रुंद होता.

एव्हाना गावभर झालं होतं. गडमुडशिंगीहून येणारे आमचे कामगार विमानतळाच्या शेजारचे, त्यामुळे ते आधीच जाणकार होते. कुठलं विमान किती वाजता येतं, कुठलं उतरताना धक्का खातं, हे ते डबा खाता खाता मालकांना सांगू लागले. शेजारच्या फाउंड्रीचे राजवर्धन रोज संध्याकाळी यायचे. त्यांची मुलगी बेंगळूरला नोकरीला.

"बापू, जाताना माणसं असतील तुमची, कबूल. पण येताना मोकळंच येणार न्हवं ते?"

"अजून घेतलं न्हाई रं, राजू."

"घेतल्यावर म्हणतोय की. मोकळं आणायला जिवावर येत न्हाई व्हय?"

मोकळं वाहन परत आणणं हे आमच्याकडं पाप समजलं जातं. त्यामुळं सीटांचा हिशेब कोण जाणार यावर न होता, कोणाला नाही म्हणता येणार नाही यावर होऊ लागला. तो आकडा चारवरून सहावर गेला, सहावरून आठवर. आदितीताईंचं नाव त्या यादीत नव्हतं. ती जाणारच, मग तिचं नाव कशाला लिहायचं, असं प्रत्येकानं धरलं होतं.

पद्मावतीकाकूंची, म्हणजे मालकिणींची, अट वेगळी होती. मगदुमांच्या घरी सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही. आदितीताई होसूरला जातात त्या दिवशी संध्याकाळच्या जेवणाला त्यांना घर मिळत नाही, आणि काकू त्या दिवशी दोनदा पोळ्या करतात, एकदा करून आणि एकदा मनात. त्यांनी कॅप्टनना चहा देताना विचारलं, "पावणं, वर गेल्यावर सूर्य उशिरा मावळतोय म्हंत्यात, खरं का?"

"थोडा. काही मिनिटं."

"मग खाली मावळलाय आणि वर दिसालाय, अशात कुणी जेवलं तर चालतंय का?"

कॅप्टन सव्वीस वर्षं हवाई दलात होते. त्यांनी कप खाली ठेवला. "वहिनी, हे मला कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं.

तीन कोटेशनं आली. बापूसोंनी ती समोर पसरली आणि बराच वेळ चित्रं बघत बसले. शेवटी म्हणाले, "कागदावर सगळंच गुळगुळीत दिसतंय. पॅटर्न केल्याबिगर मला काय कळायचं न्हाई. जोतीरामला बोलवा."

फाउंड्रीत पॅटर्नशिवाय काही ओतता येत नाही. जी वस्तू हवी तिचा आधी लाकडी नमुना होतो, त्यावरून वाळूत साचा, मग लोखंड. जोतीराम आमचा पॅटर्नवाला सुतार, तीस वर्षं जुना. त्यानं विमानाचं पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं, "पंख करू का?" असं विचारलं, पंख नकोत म्हटल्यावर जरा हिरमुसला, आणि आठ दिवसांत मधल्या सहा सीटच्या जेटचा आतला भाग सागवान आणि प्लायवूडमध्ये खऱ्या मापानं उभा केला. दार, खिडक्या, समोरासमोर सीटा.

कॅप्टननी टेप लावून बघितला. लांबी दोन इंच जास्त भरली.

"मिस्त्री, हे वाढलंय."

"वाढवलंय, साहेब. बीड थंड झालं की शेकडा एक आकसतंय. आम्ही मापच तसलं वापरतो."

"पण हे ओतायचं नाही."

जोतीराम म्हणाला, "असू दे की. ऐनवेळी मालकांचं मन बदललं तर?"

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. नवा पॅटर्न झाला की तो लगेच कामावर जात नाही. बापूसो त्याच्याभोवती सगळ्यांना उभं करतात आणि तोंडी ओतकाम होतं. वाळू भरणारा म्हणतो, मी वाळू भरली. साचेवाला म्हणतो, मी पॅटर्न उचलला. पुढचा म्हणतो, मी ओतलं, त्याच्या पुढचा, मी फोडून साफ केलं. असं वाळूपासून ट्रकपर्यंत ज्यानं त्यानं आपलं काम आपल्या तोंडानं सांगायचं. ज्याच्यापाशी बोलणं थांबेल तिथं खोट. मग जोतीराम तिथं लाल खडूनं फुली मारतो आणि पॅटर्न दुरुस्तीला जातो. यात हुद्दा बघत नाहीत. एकदा जर्मनीहून आलेल्या पाहुण्यापाशी फुली पडली होती.

तसं विमानाचंही ठरलं. शनिवारी दुपारी पॅटर्न शॉपमध्ये सगळे जमले. लाकडी दारातून मालक आत गेले, मागोमाग पद्मावतीकाकू, वृषभदादा, कॅप्टन. राजवर्धन सहज बघायला आलेले, तेही आत शिरले. सहावी सीट मोकळी होती. त्यांनी तिच्यावर गुळाच्या दोन ढेपा ठेवल्या, मुलीसाठी आणलेल्या. आदितीताई बाहेर उभ्या होत्या. खांद्याला बॅग, कारण होसूरहून सकाळीच परत तक्रार आली होती आणि पाच वाजता त्यांना निघायचं होतं.

"आक्का, ये की आत," दादा म्हणाला. "गूळ काढतो."

"असू दे. बसवलाय तर बसू दे."

"चला," बापूसो म्हणाले. "होसूरचंच काम धरू. आकाराम, सुरू कर."

मी म्हणालो, "होसूरहून तक्रार आली. मी नोंदवली."

दादा म्हणाला, "मी पायलटला फोन केला."

"मी परवानगी घेतली," कॅप्टन म्हणाले. "उजळाईवाडीहून उडालो. एक तास दहा मिनिटं. बेंगळूरला उतरलो. बाहेर गाडी उभी केली आहे. होसूरचं गेट."

"मी उतरलो, गूळ घेऊन पोरीकडं गेलो," राजवर्धन म्हणाले.

"बरं. म्होरं?"

पुढं कुणी काही बोललं नाही.

काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. दादानं घसा साफ केला. "गेटमधनं आत गेलो," तो म्हणाला.

"कुणाला भेटलास?"

"त्येंच्या… क्वालिटीच्या साहेबाला."

"नाव काय त्येचं?"

दादानं कोटेशनवर बघितलं. तिथं नव्हतं. जोतीराम खडू घेऊन दोन पावलं पुढं आला.

"आक्का," दादा प्लायवूडच्या खिडकीतून हळूच म्हणाला, "काय करायचं ग तिथं?"

मला त्याचं वाईट वाटलं. तो वाईट माणूस नाही. त्याला खरोखरच लवकर पोचायचं होतं, फक्त कुठं ते कधी विचारावं लागलं नव्हतं.

आदितीताईंनी बॅग खाली ठेवली आणि बाहेरूनच बोलायला लागल्या. आवाज चढवला नाही. "गेटवर पास काढला. फोन जमा केला. सुब्रमणींना भेटले. त्येंनी अडवलेल्या मालातली सात कवचं मी निवडली. त्यांना निवडू द्यायची न्हाईत, ते सगळ्यात वाईट निवडतात. कापून बघितली. चारमध्ये हवेची पोकळी. तीन बरी. म्हंजे साच्यातली हवा नीट निघंना झालीया, आमची चूक. चालू लाइन थांबू नये म्हणून बरी तेवढी निवडून द्यायची, बाकी परत घ्यायची. सुब्रमणी म्हणाले, मान्य हाय का सांगा, लाइन थांबलीया. मी फोन परत घेतला. बाहेर आले. तुम्हाला लावला."

"मग?" बापूसो म्हणाले.

"मग तुम्ही बघू म्हणाला."

"मग?"

"माझं झालं, आप्पा. आता तुमचं."

पॅटर्न शॉपमध्ये करवतीचा भुसा फार असतो, त्यामुळे तिथली शांतता जरा जाड असते. बापूसो लाकडी सीटवर बसले होते, हात गुडघ्यांवर. आम्ही बाहेर उभे होतो. तोंडी ओतकामात मध्ये बोलायचं नसतं. एक मिनिट तरी गेलं असेल. मी मनात मोजलेले नऊ दिवस त्या मिनिटात बसलेले दिसत होते.

जोतीराम खडू घेऊन दारापर्यंत गेला. तीस वर्षांची सवय. तिथं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की फुली कुठं मारायची ते ठिकाण लाकडात नाही.

"मालक," तो म्हणाला, "खूण कुठं करू?"

काकूंनी पदर सारखा केला. बापूसो जोतीरामकडं बघत राहिले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मी काय बघत असतो सांगू?" ते शेवटी म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही, पण बघत होते खिडकीतून लेकीकडं. "हो म्हणलं आणि चुकलं तर माझं चुकलं, ते मला जमतंय. चाळीस वर्षं जमलंय. तू हो म्हणलीस आणि चुकलं, तर लोक म्हणणार, पोरीच्या हातात दिलं. तुला बोलतील. ते मला ऐकवत न्हाई."

"आणि बघू म्हणल्यावर मला तिथं काय म्हणतात, ते ऐकवतंय?"

"काय म्हणतात?"

"काय म्हणत न्हाईत. चहा देतात. बसा म्हणतात. मग माझ्यासमोर दुसऱ्या फाउंड्रीवाल्याला फोन लावतात."

बापूसो उठले. विमानाचं छत बसक्या उंचीचं होतं आणि आकसण्यासाठी वाढवलेलं बोटभर माप काही उपयोगी पडलं नाही, डोकं आपटलं. कॅप्टन आधार द्यायला उठले तर "राहू दे" म्हणाले. दारातून कडेनं उतरले आणि सरळ ऑफिसकडं गेले. आम्ही तसेच उभे. राजवर्धननी गूळ उचलला आणि "येतो मी," असं गुळालाच सांगितल्यासारखं म्हणाले.

सव्वाचारला मला आत बोलावणं आलं. बापूसोंनी स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या होत्या. आदिती मगदूम-शेटे यांनी गिऱ्हाइकाच्या जागेवर मालाबाबत घेतलेला निर्णय कंपनीचा निर्णय समजावा. पहिल्यांदा "फोनवर विचारून" असे दोन शब्द होते. ते खोडले होते. मग परत वर बारीक लिहिले होते, आणि परत खोडले होते. 

"हे टाइप कर," ते म्हणाले. "खोडलेलं नको घेऊस."

मी टाइप केलं. त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि कागद माझ्याच हातात दिला. स्वतः दिला नाही. ताईंनी तो उभ्या उभ्या वाचला, दोनदा वाचला, घडी घालून पर्समधल्या आधारकार्डाच्या कप्प्यात ठेवला. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "काका, तारीख आजचीच घातली न्हवं?" आणि गाडीत बसल्या. त्यांची गाडी नेहमीचीच होती. बेळगावपर्यंत मोटार, पुढं रेल्वे.

कॅप्टन अमरसिंह दुसऱ्या दिवशी जाताना मला अहवाल देऊन गेले. एका पानाचा होता. विमान विकत घेण्याची सध्या गरज नाही, वर्षातून आठ-दहा वेळा खरोखर घाई असेल तेव्हा भाड्यानं घ्यावं. खाली स्वतंत्र ओळ होती, सूर्यास्ताच्या प्रश्नाबाबत चौकशी चालू आहे. वृषभदादानं तो वाचला आणि खट्टू झाला. मग म्हणाला, "पुढच्या खेपेला आक्काबरोबर मी जाऊ का? नाव तरी कळतील." मला वाटतं, विमानाचं निघाल्यापासून त्यानं कारखान्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर कोटेशनात नव्हतं.

ताई होसूरला पोचल्या तो सोमवार. मी दहा वाजता मालकांच्या केबिनमध्ये वाळूची कोटेशनं घेऊन गेलो. फोन टेबलावर उताणा ठेवला होता. त्यांनी कोटेशनं बघितली, बाजूला ठेवली. अकरा वाजता परत गेलो, ती तिथंच होती. एरवी या वेळेला व्हरांड्यातून फोन यायचा. साडेअकरापर्यंत हमखास.

बारा वाजले. काकूंनी डबा पाठवला होता, तो त्यांनी उघडला, दोन घास खाल्ले, परत लावला. एक वाजता राजवर्धनांचा फोन आला तेव्हा पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत उचलला, आणि "व्हय, व्हय, नंतर बोलू," म्हणून ठेवला. अडीचला त्यांनी साचेवाल्याला बोलावून हवा निघायची भोकं कुठं आहेत, वाढवायची तर किती, हे विचारलं. म्हणजे ताई तिथं काय म्हणाल्या असतील ते त्यांनी धरलं होतं, आणि मनातल्या मनात त्याला हो म्हणून टाकलं होतं. मला ते कळलं. मी वाळूची कोटेशनं तेवढी सरळ करून ठेवली.

चार वाजता त्यांनी फोन माझ्यापुढं सरकवला.

"आकाराम, ह्यो बंद पडलाय का बघ की जरा."

मी बघितलं. चालू होता. रेंज पुरी होती, आवाज मोठा होता.

"चालू आहे, मालक."

"मग लावलास का तिला?"

"मी कशाला लावू?"

"तसं न्हवं," ते म्हणाले. "तसं न्हवं." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. भट्टीची पाळी बदलत होती, लोक हात धूत होते. मग, माझ्याकडं न बघता, त्यांनी विचारलं, "काय ठरवलं असंल रं तिनं?"

मी म्हटलं, "बघू."

ते हसले नाहीत. त्यांनी फोन उचलला, आणि पालथा घालून ठेवला.